गाणी आणि भिंतीवरची चित्रे यांनी तरुणांच्या आंदोलनाला खरोखर बळ मिळते का?

प्रश्न : रात्रपाळी

रात्रीची बससेवा पुन्हा सुरू व्हावी या मागणीसाठी एकत्र आलेल्या एका तरुण गटात मी काम करते. निवेदने देऊन झाली, स्वाक्षऱ्यांची मोहीम झाली, अधिकाऱ्यांच्या भेटीगाठीही झाल्या. आता पुढे काय करावे यावरून गटात सरळसरळ दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की मागणीवर एक रॅप गाणे करावे आणि बसथांब्यांजवळच्या भिंती रंगवाव्यात, कारण त्याशिवाय ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे त्या प्रवाशांपर्यंत आपण पोहोचणारच नाही. दुसऱ्या तटाला हा सगळा देखावा वाटतो. गाणे चार दिवस मोबाइलवर फिरेल, भिंतीपुढे उभे राहून लोक सेल्फी काढतील, मागणी मात्र जिथल्या तिथे राहील आणि मोजक्या कार्यकर्त्यांची शक्ती विनाकारण खर्ची पडेल, अशी त्यांची भीती आहे.

माझा कल पहिल्या बाजूकडे आहे, परंतु नुसत्या उत्साहाच्या बळावर नव्हे, तर काही आधार हाताशी घेऊन गटापुढे बोलावे अशी माझी इच्छा आहे. जगात इतरत्र तरुणांनी संगीत आणि भित्तिचित्रे चळवळीत वापरली तेव्हा त्यातून प्रत्यक्ष काही बदलले का, आणि बदलले असल्यास ते गाण्यामुळे की गाण्याभोवती झालेल्या इतर कामामुळे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. दुसरी शंका परवानगीची आहे. गटातील काही मुले अठरा वर्षांखालची आहेत. त्यांना बरोबर घेऊन विनापरवाना भिंत रंगवण्याचा धोका पत्करावा का, की परवानगी मागितल्याने आंदोलनाची धार जाते?

प्रतिसाद : पायवाट

गाण्यामुळे की गाण्याभोवतीच्या कामामुळे, या तुमच्या प्रश्नाला सर्वांत स्पष्ट उत्तर सेनेगलच्या डाकार शहरात मिळते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

डाकारमध्ये 1988 ची अध्यक्षीय निवडणूक वादग्रस्त ठरली, दंगली झाल्या आणि आणीबाणी पुकारली गेली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या तरुणांनी एक वेगळीच वाट धरली. पालिकेने टाकून दिल्यासारख्या झालेल्या वस्त्यांमधला कचरा त्यांनी स्वतः उचलला, गटारे साफ केली आणि स्वच्छ झालेल्या भिंतींवर चित्रे काढली. ही मोहीम 'सेट-सेताल' या नावाने ओळखली जाते. यूसू एन्दूर यांच्यासारख्या लोकप्रिय गायकाने 1990 साली तिला आपल्या गाण्यांत स्थान दिले, परंतु मोहीम उभी राहिली ती गल्लोगल्लीच्या मुलांच्या बळावर. चित्र हे इथे झालेल्या कामाची खूण होते. ज्या कोपऱ्यावर काल कचऱ्याचा ढीग होता, तिथे आज चित्र आहे, आणि चित्र आहे म्हणून पुन्हा कचरा टाकताना माणूस थबकतो, एवढा साधा त्याचा हिशेब होता.

वीस वर्षांनी, जानेवारी 2011 मध्ये, त्याच शहरात 'याँ ना मार' ही चळवळ सुरू झाली. 'कर गी' या रॅप गटातील थियात आणि किलिफे हे दोन गायक आणि फादेल बारो यांच्यासारखे पत्रकार तिच्या मुळाशी होते. नावाचा भावार्थ 'आता पुरे झाले' असा होतो, आणि निमित्त होते तासन्‌तास जाणाऱ्या विजेचे. तुमच्या बससेवेइतकेच ते रोजच्या जगण्यातले आणि कोणालाही समजावून सांगावे न लागणारे होते. गाण्यांनी या चळवळीला आवाज दिला, परंतु खरी मेहनत दुसरीकडे चालली होती. वस्त्यावस्त्यांत तरुणांचे छोटे गट बांधले गेले आणि मतदार म्हणून नाव नोंदवा, हा एकच धोशा त्यांनी लावला. गाणे ऐकून आलेल्या तरुणाच्या हाती लगेच पुढचे काम दिले जाई. जून 2011 मध्ये पहिल्याच फेरीत निवडून येण्यासाठी केवळ 25 टक्के मते पुरेशी ठरवणारी घटनादुरुस्ती सरकारने आणली, तेव्हा 23 जूनला लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच दिवशी सरकारला ती मागे घ्यावी लागली. मार्च 2012 च्या दुसऱ्या फेरीत अध्यक्ष अब्दुलाय वाद पराभूत झाले. विरोधी पक्ष, कामगार संघटना आणि नागरी संघटना हे सगळेच त्या लढ्यात होते, त्यामुळे हे श्रेय एकट्या रॅपला देणे अन्यायाचे होईल. तरीही तरुण मतदाराला नोंदणीच्या रांगेपर्यंत आणण्यात या गायकांचा वाटा मोठा होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

याचेच दुसरे रूप बुर्किना फासोमध्ये दिसले. रेगे गायक साम्स्क ल जाह आणि रॅपर स्मोकी यांनी 2013 मध्ये 'ल बाले सितोयाँ', म्हणजे नागरिकांचा झाडू, ही संघटना उभारली. ऑक्टोबर 2014 च्या उठावानंतर 27 वर्षे सत्तेवर असलेले ब्लेझ कॉम्पाओरे पायउतार झाले आणि दुसऱ्याच दिवशी या संघटनेच्या हाकेवर लोक राजधानीचे रस्ते झाडायला बाहेर पडले. सत्तापालटानंतरही हाती काम होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आपल्या देशातले एक उदाहरणही तुमच्या गटापुढे ठेवा. कोडाईकनाल येथील थर्मामीटरच्या कारखान्यातील पाऱ्याच्या प्रदूषणाविरुद्ध सोफिया अशरफ यांनी 2015 मध्ये एक रॅप चित्रफीत केली आणि ती जगभर पसरली. पुढच्या वर्षी, मार्च 2016 मध्ये, हिंदुस्तान युनिलिव्हरने 591 माजी कामगारांशी समझोता केला. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की गाणे आले आणि कंपनी नमली. वस्तुतः कारखाना 2001 मध्येच बंद झाला होता आणि मधली सगळी वर्षे कामगारांनी न्यायालयात, मोर्च्यांत आणि कागदपत्रांच्या पाठपुराव्यात घालवली होती. गाणे आले तेव्हा मागणी नेमकी होती, ती कोणाकडे करायची हे ठरलेले होते आणि वाटाघाटीला बसू शकतील अशी माणसे तयार होती. त्यामुळे जगभर उठलेल्या आवाजाला जाऊन पोहोचण्यासाठी एक ठिकाण होते.

तेव्हा गटातील दुसऱ्या तटाची भीती अगदी रास्त आहे, पण तिचे उत्तर गाणे न करणे हे नाही. गाण्याच्या शेवटी ऐकणाऱ्याने काय करायचे, हे आधी ठरवा. बंद झालेल्या गाडीची वेळ आणि मार्ग लिहून पाठवणे असेल, सुनावणीला हजर राहणे असेल, काहीही असो. ते ठरत नसेल तर तोवर थांबा.

प्रतिसाद : सावधचित्त

वरच्या प्रतिसादातील उदाहरणे खरी आहेत, पण ती सगळी यशाची आहेत. या मार्गावर तरुणांनी मोजलेली किंमतही त्याच गांभीर्याने गटापुढे मांडली पाहिजे, विशेषतः अठरा वर्षांखालची मुले बरोबर असताना.

सीरियातील दारा शहरात 2011 च्या सुरुवातीला शाळकरी मुलांनी भिंतीवर राजवटीविरुद्ध घोषणा लिहिल्या. त्यांना पकडून नेऊन छळण्यात आले आणि त्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्च्यांवर गोळीबार झाला. पुढे त्या देशात गृहयुद्ध पेटले, हे सर्वांना ठाऊक आहे. ट्युनिशियात 'एल जनराल' या नावाने गाणाऱ्या तरुण रॅपरने राष्ट्राध्यक्षांना थेट उद्देशून गाणे केले आणि जानेवारी 2011 च्या पहिल्या आठवड्यात पोलिसांनी त्याला घरातून उचलले. तो काही दिवसांत सुटला आणि त्याच महिन्यात राजवट कोसळली, म्हणून आपण ती गोष्ट आनंदाने सांगतो. क्यूबामध्ये तसे झाले नाही. तिथे 2018 च्या एका हुकुमाने कलाविष्कारासाठी सरकारची पूर्वसंमती बंधनकारक करण्यात आली आणि त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या कलावंतांपैकी रॅपर मायकेल ओसोर्बो यांना जून 2022 मध्ये नऊ वर्षांची, तर लुईस मानुएल ओतेरो अल्कांतारा यांना पाच वर्षांची शिक्षा झाली.

हुकूमशाही नसलेल्या देशांतही रात्रीची भिंत सुरक्षित नसते. कोलंबियाच्या बोगोटा शहरात ऑगस्ट 2011 मध्ये भिंत रंगवणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला पोलिसाने गोळी घालून ठार केले. मृत मुलगा दरोडेखोर होता असे भासवण्याचाही प्रयत्न झाला. लोकक्षोभानंतर 2013 मध्ये शहराने भित्तिचित्रांसाठी नियम केले, कुठे रंगवता येईल आणि कुठे नाही हे ठरवून दिले. नियम झाले हे चांगलेच झाले, परंतु ते एका मुलाच्या जिवाच्या मोलाने झाले.

माझे मत स्पष्ट आहे. अल्पवयीन मुलांना विनापरवाना भिंतीवर नेऊ नये. त्यांच्या धैर्याची परीक्षा घेण्याचा अधिकार गटातील मोठ्यांना नाही. पालकांची लेखी संमती, दिवसाची वेळ आणि खाजगी भिंत असेल तर मालकाचे लेखी पत्र, या तीन गोष्टी हातात असल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये. परवानगीने धार जाते असे ज्यांना वाटते, त्यांनी हेही पाहावे की बससेवेची मागणी ही राजवट उलथवण्याची मागणी नाही. ज्या प्रवाशांचा विश्वास मिळवायचा आहे, त्यांच्यातलाच एखादा त्या भिंतीचा मालक असेल. त्याच्या भिंतीवर त्याला न विचारता लिहून आपण कोणाला जवळ करणार आहोत?

प्रतिसाद : तालमापक

परवानगीच्या बाबतीत वरच्या मताशी मी सहमत आहे. माझा विषय ध्वनीचा असल्यामुळे गाण्याविषयी थोडे लिहितो, कारण चळवळीच्या गाण्यांचे बहुतेक प्रयत्न कुठे फसतात ते मी जवळून पाहिले आहे.

ध्वनिमुद्रणकक्षात चांगले वाटलेले गाणे रस्त्यावर चालेलच असे नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर अंतर कापतो. म्हणजे मोर्च्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गायकाचा शब्द 170 मीटर मागे असलेल्या माणसापर्यंत अर्ध्या सेकंदाने पोहोचतो. गाण्याची लय मिनिटाला 120 ठोक्यांची असेल तर अर्धा सेकंद म्हणजे बरोबर एक ठोका. मागचे लोक पुढच्यांपेक्षा पूर्ण एका ठोक्याने उशिरा गातात, त्यांचा आवाज पुढे येईपर्यंत आणखी एक ठोका गेलेला असतो, आणि भरभर म्हणायच्या रॅपच्या ओळींचा पार गोंधळ होतो. म्हणूनच जगभरच्या मोर्च्यांत शेवटी टिकते ती हाक आणि प्रतिसाद या पद्धतीची रचना. एकाने छोटी ओळ म्हणायची, मग क्षणभर मोकळी जागा, मग सगळ्यांनी उत्तर द्यायचे. त्या मोकळ्या जागेत मागचा आवाज येऊन मिळतो. तेव्हा रॅपची कडवी मोबाइलवर ऐकण्यासाठी ठेवा आणि धृपद मात्र रस्त्यासाठी बांधा. धृपद सहा-सात अक्षरांचे असावे, आणि सुरांची उडी फार मोठी नको, कारण न शिकलेल्या गळ्याला एका सप्तकाच्या आतच मोकळेपणाने गाता येते.

दुसरी गोष्ट शब्दांची. इजिप्तची राजधानी कैरोच्या तहरीर चौकात 2011 च्या उठावात रामी एसाम या तरुणाने गिटारवर जे गाणे म्हटले आणि जे सगळ्या चौकाने उचलले, त्याचे शब्द त्याने एकट्याने रचलेले नव्हते. चौकात आधीपासून दिल्या जात असलेल्या घोषणा त्याने ओवून चालीत बसवल्या. लोकांना गाणे पाठ करावे लागले नाही, कारण शब्द त्यांचेच होते. हाँगकाँगमध्ये ऑगस्ट 2019 मध्ये एका अनामिक संगीतकाराने आंदोलनाचे गीत इंटरनेटवरच्या चर्चापीठावर ठेवले, तिथल्या सदस्यांनी शब्द सुधारून दिले आणि काही दिवसांतच जमाव ते बाजारसंकुलांतून एकत्र गाऊ लागले. चिलीच्या वालपाराइसो शहरातील 'लास तेसिस' या चार स्त्रियांच्या गटाने नोव्हेंबर 2019 मध्ये लैंगिक हिंसेविरुद्ध जो समूहाविष्कार केला, त्याच्या हालचाली इतक्या सोप्या होत्या की थोड्याच दिवसांत अनेक देशांतील स्त्रियांनी तो आपापल्या भाषेत सादर केला. डोळ्यांवर काळी पट्टी, पायांचा ठेका आणि समोर रोखलेले बोट, एवढीच त्याची सामग्री होती. स्वतःचे वाद्य, स्वतःचा ध्वनिवर्धक किंवा तालमीची सवय यांपैकी काहीही नसलेल्या माणसालाही त्यात उभे राहता येत होते.

तुमच्या गटाने म्हणूनच गाणे लिहायला बसण्याआधी शेवटच्या गाडीची वाट पाहणाऱ्या लोकांचे बोलणे ऐकावे. 'आता पायीच जायचं' यासारखे वाक्य कोणीतरी रोज म्हणत असणार. ते धृपदात आले की गाणे प्रवाशांचे झाले.

प्रतिसाद : चुनखडी

गाण्याविषयी वर जे लिहिले आहे, तेच भिंतीलाही लागू पडते. जे काम इतरांना उचलता येते ते टिकते, जे एकाच्या कौशल्यावर उभे असते ते त्याच्याबरोबर संपते.

याचा उत्तम नमुना म्हणजे चिलीतील 'ब्रिगादा रामोना पार्रा'. ही भित्तिचित्रकार तरुणांची तुकडी 1968 मध्ये तिथल्या कम्युनिस्ट युवक संघटनेतून उभी राहिली. पोलीस येण्याआधी भिंत पूर्ण करायची असे, त्यामुळे त्यांनी कामाची सरळ वाटणी केली होती. एकजण अक्षरांच्या आणि आकृत्यांच्या रेषा आखून पुढे सरके, त्याच्यामागून काहीजण पार्श्वभूमी रंगवत, काही आतला रंग भरत, आणि सर्वांत शेवटी एकजण जाड काळ्या रेषेने कडा पक्क्या करी. ज्याला चित्र काढता येत नाही असा मुलगाही रंग भरू शकत होता. ती जाड काळी कड घाईतून आली आणि पुढे त्यांच्या शैलीची ओळख ठरली. रोबेर्तो मात्ता या जगप्रसिद्ध चित्रकाराने 1971 मध्ये याच तुकडीबरोबर सांतियागोच्या एका उपनगरातील भिंत रंगवली. 1973 च्या लष्करी उठावानंतर ती रंगाच्या थरांखाली गाडली गेली आणि पुढे नव्या शतकात ते थर सोलून चित्र पुन्हा उजेडात आणले गेले.

तुमच्याकडे चित्रकार कमी असतील तर स्टेन्सिलचा, म्हणजे अक्षरे कापून काढलेल्या साच्याचा, विचार करा, पण देवनागरी स्टेन्सिलमध्ये एक अडचण असते आणि ती पहिल्याच प्रयत्नात समोर येते. जुन्या एक्स-रे फिल्मवर 'बस' हा शब्द कापून पाहा. 'ब'ची गाठ कापली की आतला तुकडा निखळून पडतो आणि भिंतीवर गाठीऐवजी रंगाचा गोळा उमटतो. 'व' आणि 'क' यांचे तेच होते, तर 'प' आणि 'म' शिरोरेषेमुळे वरून बंद होतात. म्हणून प्रत्येक बंद जागेत अर्धा सेंटीमीटर रुंदीचे एक-दोन सांधे न कापता सोडावे लागतात. शिरोरेषा तर सलग कापूच नये. एवढी लांब चीर पडली की फिल्म लोंबकळते आणि खालून रंग झिरपतो, त्यामुळे शिरोरेषाही दर अक्षराला तोडावी. फवाऱ्यापेक्षा स्पंजने रंग थापटला तर कडा स्वच्छ येतात आणि रंगही कमी लागतो. भिंतीला चुना लावलेला असेल तर तो तारेच्या ब्रशने खरवडून वर प्रायमरचा हात द्यावा, नाहीतर पहिल्या पावसात रंग पापुद्र्यासारखा सुटतो. अक्षरांच्या उंचीचा फलक रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की वाचणारा जितका दूर, त्याच्या प्रत्येक तीन मीटरमागे अडीच सेंटीमीटर. रस्त्यापलीकडून वाचता यावे असे वाटत असेल तर त्याहून मोठेच घ्या, कारण आपल्या लिपीत वेलांट्या, मात्रा आणि उकार यांनाही जागा लागते.

जागेची निवड चित्राइतकीच बोलते, हे कैरोच्या कलावंतांनी दाखवून दिले. 2011 च्या अखेरीपासून तिथल्या सैन्याने तहरीर चौकाच्या आसपासचे रस्ते काँक्रीटचे प्रचंड ठोकळे रचून बंद केले होते. मार्च 2012 मध्ये कलावंतांनी त्या ठोकळ्यांवर पलीकडचाच रस्ता हुबेहूब रंगवला. झाडे, इमारती, फुटपाथ सगळे यथादर्शनाच्या नियमाने असे काढले की लांबून पाहणाऱ्याला रस्ता पुढे चालूच आहे असे वाटावे. त्या भिंतीवर एकाही घोषणेची गरज नव्हती. जवळच्या मोहम्मद महमूद रस्त्यावर मृत आंदोलकांची चित्रे होती. सप्टेंबर 2012 मध्ये अधिकाऱ्यांनी ती रंग फासून मिटवली, तेव्हा लोकांनी त्याच ठिकाणी पुन्हा रंगवायला घेतले. तुमच्यासाठी ती जागा म्हणजे बंद झालेला थांबा. शेवटची गाडी जिथून सुटायची तिथेच तिची वेळ लिहा.

आता मला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते ते सांगतो. आंदोलनाची चित्रे पुसली जातात हे दुःख खरे, पण ती न पुसता आपलीशी केली जातात तेव्हा अधिक नुकसान होते. वॉशिंग्टनमध्ये जून 2020 मध्ये महापौरांच्या आदेशाने व्हाइट हाउससमोरच्या रस्त्यावर 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर', म्हणजे कृष्णवर्णीयांच्या जिवालाही मोल आहे, हे त्याच नावाच्या चळवळीचे शब्द पिवळ्या रंगात प्रचंड आकारात रंगवण्यात आले. त्या चळवळीच्या स्थानिक शाखेनेच त्यावर टीका केली, कारण त्यांना पोलिसांच्या अंदाजपत्रकात बदल हवा होता आणि मिळाली होती रंगवलेली अक्षरे. त्यांनी शेजारीच आपली मागणी स्वतः रंगवली. मार्च 2025 मध्ये ती मूळ अक्षरेही उखडण्यात आली. बर्लिनमध्ये ब्लू या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराच्या दोन विशाल चित्रांमुळे परिसराची किंमत वाढते आहे आणि जुने रहिवासी बाहेर ढकलले जात आहेत हे दिसल्यावर डिसेंबर 2014 मध्ये ती चित्रे त्याच्याच संमतीने काळ्या रंगाखाली झाकण्यात आली. कोलंबियाच्या मेदेयिन शहरातील 'कोमुना 13' या वस्तीत 2002 मध्ये मोठी लष्करी कारवाई झाली होती आणि नंतरच्या काळात तिथल्या हिपहॉप कलावंतांच्या हत्याही झाल्या. आज त्याच भिंती पाहायला पर्यटकांच्या रांगा लागतात. तिथल्या कलावंतांनी या फेऱ्या स्वतःच चालवून वस्तीची हकिकत स्वतःच्या तोंडून सांगायला सुरुवात केली, हे त्यांचे शहाणपण आहे. पण गर्दी वाढली की हकिकत ऐकणारे कमी आणि छायाचित्रे काढणारे जास्त होतात.

रात्रपाळी

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या सविस्तर उत्तरांची अपेक्षा नव्हती. अल्पवयीन मुलांविषयीचे मत मी जसेच्या तसे गटापुढे मांडणार आहे आणि ते मान्य होईल असे वाटते. गाण्याआधी लोकांचे बोलणे ऐकण्याची सूचनाही तत्काळ अमलात आणता येईल. आम्ही शेवटच्या गाडीच्या वेळी थांब्यांवर उभे राहून लोकांना बंद झालेल्या मार्गांची नोंद करायला सांगणार आहोत आणि गाण्याच्या शेवटी त्याच नोंदणीचे आवाहन ठेवू.

एक प्रश्न मात्र उरतो, आणि चुनखडी यांच्या शेवटच्या परिच्छेदामुळे तो अधिक तीव्र झाला आहे. बससेवा चालवणाऱ्या यंत्रणेनेच आगाराची एक लांबलचक भिंत आणि रंगाचा खर्च देण्याची तयारी दाखवली आहे. अट एवढीच की विषय 'शहर आणि प्रवास' असा सर्वसाधारण असावा. गटातील काहींना ही मोठी संधी वाटते. ती घ्यावी का?

प्रतिसाद : पायवाट

विषयाची अट मान्य करू नये. मागणी ज्यांच्याकडे केली आहे त्यांच्याच पैशाने, मागणीचा उल्लेख टाळून रंगवलेली भिंत उद्या त्यांच्या अहवालात तरुणांच्या सहभागाचा पुरावा म्हणून छापली जाईल. त्यांच्याशी बोलणे मात्र तोडू नका. भिंत द्या, विषय आमचा राहील आणि रंगाचा खर्च आम्ही करू, असा लेखी प्रस्ताव द्या. त्यांनी नाकारला तर तो नकारही लेखी घ्या. पुढच्या सुनावणीत तो कामी येईल.

प्रतिसाद : चुनखडी

मीही हेच सांगितले असते. त्यात एवढीच भर घालतो की प्रस्ताव मान्य झालाच, तर चित्र किती काळ राहील आणि ते पुसायचे असल्यास किती दिवस आधी लेखी कळवायचे, हे पत्रात घालून घ्या. न्यूयॉर्कमधील 'फाइव्ह पॉइंट्झ' या इमारतीवरची चित्रे मालकाने नोव्हेंबर 2013 मध्ये एका रात्रीत पांढऱ्या रंगाने झाकली. तिथल्या 1990 च्या कायद्यानुसार कलावंतांना नव्वद दिवसांची लेखी सूचना देऊन आपले काम वाचवण्याची संधी देता आली असती आणि ती दिली गेली नव्हती, हा मुद्दा खटल्यात महत्त्वाचा ठरला. 2018 मध्ये न्यायालयाने 21 कलावंतांना 67 लाख 50 हजार डॉलरची भरपाई मंजूर केली आणि वरच्या न्यायालयानेही ती कायम ठेवली. त्या कलावंतांकडे चित्रांची छायाचित्रे होती. तुम्हीही भिंतीचे काम सुरू होण्याआधीचे, चालू असतानाचे आणि पूर्ण झाल्यावरचे छायाचित्र काढून तारखेसह जपून ठेवा, आणि नोंदणीच्या कागदांबरोबर त्याची एक प्रत गटाबाहेरच्या विश्वासू माणसाकडे द्या.